शेरा

जानोरीच्या शीतगृहात बावीस वर्षं मी कॉम्प्रेसर ऐकतो.
ऐकतोच. बघण्यासारखं त्यात फारसं काही नसतं.

जानेवारी सरता सरता दोघं टेम्पोतून उतरली,
ईशान्या धात्रक आणि मुस्तकीम पिंजारी.
मागे ताडपत्रीखाली निळी टाकी,
बाजारातून आणलेल्या पारडासारखी
चारी बाजूंनी दोर लावून बांधलेली.
‘दिवसा उन्हाच्या विजेवर हिच्यातलं पाणी गोठवायचं,
रात्री त्याच गारव्यात द्राक्षं ठेवायची.
जनरेटर बंद.’
तिडके मॅनेजर म्हणाले, खोली नंबर तीन घ्या,
तिची तशीही कुणाला आशा नाही.

करार नव्वद रात्रींचा.
माल बिघडला तर निम्मा तोटा ह्या दोघांचा,
निम्मा त्यांच्यावर पैसे लावणाऱ्या संस्थेचा,
आणि वही माझी.

वहीत छापील तक्ता.
वेळ. टाकी. खोली. मण्याच्या पोटातलं तापमान.
आणि कडेला, उरलेल्या बोटभर जागेत,
शेरा.

दर अर्ध्या तासाला मी आकडे लिहायचो.
मुस्तकीम रिकाम्या क्रेटांवर आडवा व्हायचा,
ईशान्या दाराबाहेर फोनवर,
‘नाही पप्पा, पगार नाही. पण काम आहे.’
पॅकिंगच्या हौसाबाई गांगुर्डे रोज विचारायच्या,
‘पोरी, एवढा बर्फ करतेस, गोळे तरी विक.’
ती हसायची, आणि पुन्हा पान्याने
तोच नट आवळायची, आधीच आवळलेला.

सदतिसाव्या रात्री
स्क्रीनवर सगळं हिरवं होतं.
चार अंश. चार. पुन्हा चार.
सकाळी डाव्या भिंतीकडचे अकरा क्रेट उघडले
तर देठ तपकिरी, मणी बोटाखाली मऊ.
तिडके काही बोलले नाहीत.
ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मुस्तकीम शिडीवर चढला, झाकण काढलं.
आत कॉइलवर हिमाची जाड गोधडी,
तिच्यातून वारा जाणार कुठून?
आणि तापमान मोजणारी सुई
नेमकी त्या गोधडीच्या कुशीत.
बिचारी खरंच सांगत होती, स्वतःपुरतं.

ईशान्याने वही मागे चाळली.
तीन दहा: पंखा दम लागल्यासारखा.
आदल्या रात्री: पंखा जड.
त्याच्या आदल्या रात्री: पंख्याचा सूर उतरलाय.
‘भामरेकाका, सांगितलं का नाहीत?’
‘लिहिलं की.’

मग ती उपड्या क्रेटवर बसली
आणि पहिल्या पानापासून
तेवढा बोटभर रकाना मोठ्याने वाचत गेली.
टाकीला घाम.
दाराचं रबर उंदराने कुरतडलं.
मुस्तकीम झोपेत आकडे बोलतो.
आभाळ, तरी पहाटेपर्यंत पुरलं.
मुस्तकीम भिंतीवर खडूने खुणा करत होता,
एका शेऱ्यापाशी त्याचा हात थांबला.
‘परत वाचा.’
रात्री दोन ते पाच वीज नव्हती म्हणे. मला कळलंही नाही.

‘मला कळलंही नाही,’ ती पुन्हा म्हणाली,
आणि अकरा क्रेट गेलेल्या त्या सकाळी
दोघं वेड्यासारखी हसली.
हौसाबाई मऊ मणी निवडत होत्या,
त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले.

बाकीच्या त्रेपन्न रात्रींत
पंख्याजवळ कान लावायला एक यंत्र आलं,
सुई दोनदा जागा बदलून बसली,
आणखी दोन क्रेट गेले, मग एकही नाही.
हिशेब कुणाला किती लागला ते मला माहीत नाही.
एप्रिलअखेर टेम्पो रिकामाच परत गेला,
टाकी इथेच राहिली, ताडपत्री माझ्या मोटारसायकलवर.

परवा नवीन हंगामाची वही आली.
आकड्यांचे रकाने आक्रसलेत,
शेऱ्याचा चांगला चार बोटं रुंद.
खाली निरीक्षक म्हणून माझं नाव छापलंय,
भामरेच्या जागी भांबरे.

पहिला शेरा मी तोच लिहिला.